भेटीचे पार्सल

दिवाळी जवळ आली, की टपाल कचेरीत पार्सलांची रांग लागते. कोणी लेकीला साडी पाठवतो. कोणी शहरात शिकणाऱ्या मुलाला फराळ पाठवतो. श्रावणात बहिणी भावांना राख्या पाठवतात. माणूस दूर गेले, म्हणून माया तुटत नाही. ती टपालातून जाते.

पण वस्तू नीट पोचली, तरच माया पोचली. वाटेत ती फुटली, सांडली किंवा हरवली, तर पैसे जातात. पैशांपेक्षा मनाला जास्त लागते. म्हणून पार्सल कसे बांधावे, हे प्रत्येकाने शिकून घ्यावे. ते अवघड नाही. पीठ चाळता येते, गोधडी शिवता येते, त्या हातांना हेही येईल.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो. ती आमच्याच आळीतली आहे. त्यात चूक कोणाची होती, तेही सांगतो.

आक्काचे पार्सल

आमच्या आळीत एक आक्का आहे. तिचा मुलगा फौजेत आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला मुलगी झाली. त्याला रजा मिळाली नव्हती. मुलीचे तोंड त्याने मोबाइलवरच पाहिले.

दिवाळीला आक्काने त्याला भेट पाठवायचे ठरवले. तिने बेसनाचे लाडू वळले. चिवडा केला. लोकरीची कानटोपी विणली. लिंबाचे लोणचे बरणीत भरले. आणि आणखी एक वस्तू तयार केली. नातीच्या पायाला कुंकू लावले आणि त्या पावलाचा ठसा कागदावर घेतला. पाऊल केवढे, तर आक्काच्या अंगठ्याहून थोडे मोठे. तो कागद तिने तालुक्याला नेऊन काचेच्या चौकटीत बसवून आणला.

मग आक्का माझ्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, मला काय लिहिता येत न्हाई. एवढं बांधून पत्ता घालून द्या."

मी मिठाईचे एक रिकामे खोके घेतले. पातळ पुठ्ठ्याचे होते. त्यात सारे सामान दाबून भरले. वरून लाल चमकी कागद गुंडाळला. सोनेरी फीत बांधली. त्या चमकी कागदावर सुंदर अक्षरात पत्ता लिहिला. पार्सल नवरीसारखे सजले होते. टपाल कचेरीत त्यावर आकड्यांची चिठ्ठी चिकटवली. मला पावती मिळाली. ती मी सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि सदरा धुण्याला गेला.

दिवाळी झाली. पार्सल पोचले नाही. पौष गेला, माघ गेला. शिमग्याच्या सुमारास पोस्टमन एक पिशवी घेऊन आक्काच्या दारात आला. पार्सल परत आले होते.

वाटेत लोणच्याची बरणी फुटली होती. तेलाने खोके मऊ झाले. चमकी कागद फाटून निघून गेला. त्याच्याबरोबर पत्ता गेला, पाठवणाऱ्याचे नाव गेले, आकड्यांची चिठ्ठीही गेली. पार्सल निनावी झाले. आत सुनेने लिहिलेले पत्र होते. पत्राच्या माथ्यावर गावाचे आणि तालुक्याचे नाव होते. तेवढ्या आधारावर ते घरी परतले.

लाडवांना बुरशी आली होती. चिवड्यात काचा होत्या. चौकटीची काच फुटली होती. ठशाच्या कागदावर तेल पसरले होते. कुंकू ओघळून नुसता तांबडा डाग उरला होता.

आक्का मला एक शब्द वावगा बोलली नाही. तो कागद हातात धरून म्हणाली, "लाडू काय, पुन्हा वळीन गुरुजी. पर हे पाऊल आता एवढं कुठं ऱ्हायलंय?"

मंडळी, चूक टपालाची नव्हती. चूक माझी होती. पस्तीस वर्षे मी मुलांना सुंदर अक्षर शिकवले. पण पार्सल कोणत्या वाटेने जाते, याचा विचार केला नाही. घेणाऱ्याला छान दिसावे, एवढेच पाहिले.

पार्सलाची वाट

आपण पार्सल दिले, की ते थेट लेकराच्या हातात पडते, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही.

गावच्या शाखा टपाल कचेरीतून ते पिशवीत पडते. तिथून मोठ्या टपाल कचेरीत जाते. तिथून छाटणीच्या ठिकाणी जाते. तिथे गावोगावच्या पार्सलांचा ढीग असतो. त्यातून ज्या-त्या दिशेची पार्सले वेगळी करतात. मग ती मोटारीने, आगगाडीने किंवा विमानाने पुढे जातात. उतरल्यावर पुन्हा छाटणी. पुन्हा पिशवी. पुन्हा मोटार. शेवटी पोस्टमनच्या हातात.

या वाटेत आपल्या खोक्यावर दुसऱ्याचे जड खोके बसते. कधी ते उंचावरून खाली पडते. कधी पावसाची सर लागते, कधी उन्हात गाडी तापते. प्रत्येक खोके कोणी तान्ह्या मुलासारखे झेलत नाही. हजारो पार्सले असतात. हे गृहीत धरूनच पार्सल बांधावे.

बाजाराला अंडी नेताना आपण काय करतो? बैलगाडी हिसके देणार, हे आपल्याला ठाऊक असते. म्हणून खाली भुसा घालतो, मध्ये भुसा घालतो, वर भुसा घालतो. गाडीवानावर रागावून अंडी वाचत नाहीत. पार्सलाचेही तसेच आहे.

एक वाक्य ध्यानात ठेवा. शोभा आत, मजबुती बाहेर.

काय पाठवावे, काय पाठवू नये

पार्सलाला वाटेत काही दिवस लागतात. सणाच्या गर्दीत आणखी लागतात. म्हणून टिकणारी वस्तू निवडा. फराळात शंकरपाळे, शेव, चिवडा, बेसनाचे लाडू चांगले टिकतात. ओल्या नारळाच्या करंज्या, दुधाची बर्फी, खवा घातलेले पदार्थ लवकर खराब होतात. ते पाठवू नका. तळलेला पदार्थ पुरता गार झाल्यावरच भरा. गरम भरला, तर त्याला वाफ धरते आणि तो मऊ पडून आंबतो.

लोणचे, तूप, तेल, काकवी हे सांडणारे पदार्थ. ते सुक्या वस्तूंबरोबर कधीही ठेवू नका. माझ्या हातून झालेली चूक तुमच्या हातून होऊ नये. पाठवायचेच असेल, तर वेगळे पार्सल करा. काचेची बरणी नको, घट्ट झाकणाची प्लास्टिकची घ्या. झाकणाच्या कडेने चिकटपट्टी फिरवा. मग बरणी एका पिशवीत बांधा, आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. असे पार्सल घेतात की नाही, ते टपाल कचेरीत आधी विचारून घ्या.

काही वस्तू टपालाने पाठवायला बंदी आहे. फटाके, फुलबाज्या, काडेपेटी, रॉकेल, पेट्रोल अशा पेट घेणाऱ्या वस्तू कधीही घालू नका. पोरांना मौज म्हणून चार फुलबाज्या घालाव्यात, असे मनात येते. पण त्यातून आग लागली, तर सारी टपालगाडी जळेल. माणसे भाजतील. फवाऱ्याच्या अत्तराची बाटलीही पेट घेते. तीही नको.

नोटा आणि सोन्याचे डाग साध्या पार्सलात लपवून पाठवू नका. लाडवाच्या डब्यात हजार रुपये ठेवले, असे लोक करतात. पार्सल हरवले, तर ती रक्कम कोणी भरून देत नाही. सोन्यासारखी किमती वस्तू विमा उतरवूनच पाठवावी. पैसे बँकेतून किंवा टपाल खात्याच्या सोयीने पाठवावे.

आतली बांधणी

आता बांधायला बसू. जवळ एवढे सामान घ्या : मजबूत पुठ्ठ्याचे खोके, जुनी वर्तमानपत्रे, जुने मऊ कापड, प्लास्टिकच्या पिशव्या, रुंद चिकटपट्टी, कात्री आणि बॉलपेन.

पहिली गोष्ट. प्रत्येक वस्तू वेगळी गुंडाळा. दोन कठीण वस्तू एकमेकींना भिडू देऊ नका. तेलकट वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत घाला. कपडाही पिशवीत घाला, म्हणजे पाऊस लागला तरी भिजणार नाही.

लाडू कसे भरावेत? डब्याच्या तळाशी कागद घाला. लाडू शेजारी शेजारी बसवा. वर पुन्हा कागद, मग दुसरा थर. डबा काठोकाठ भरला पाहिजे. जागा उरली, तर लाडू आत आपटून फुटतात. उरलेल्या जागेत स्वच्छ कागदाचा बोळा दाबून बसवा. चकलीचेही तसेच करा. तरी चार चकल्या मोडतील. मोडकी चकली चवीला तीच लागते, त्याचे वाईट वाटून घेऊ नका.

बांगड्या पाठवायच्या असतील, तर वर्तमानपत्राची जाड सुरळी करा. तिच्यावर बांगड्या घट्ट चढवा. वरून मऊ कापड गुंडाळून दोन्ही टोके बांधा. मग ती सुरळी छोट्या डब्यात ठेवा. बांगड्या सुट्या ठेवल्या, तर एक आपटून दुसरी पिचते.

काचेची चौकट असेल, तर काचेवर चिकटपट्टीची फुली मारा. काच फुटलीच, तरी तुकडे विखुरणार नाहीत. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लावा. वरून कापड गुंडाळा. खोक्यात चौकट आडवी ठेवू नका, उभी ठेवा. आडव्या काचेवर वजन पडले, की ती मधोमध फुटते. त्याहून उत्तम म्हणजे काच पाठवूच नये. नुसते चित्र दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून पाठवावे. चौकट तिकडे मिळते.

चमकी कागदाचे काय?

भेट म्हटली, की रंगीत कागद हवा. तो लावू नका, असे मी म्हणत नाही. उघडताना मौज वाटते. पण तो कागद आतल्या वस्तूला लावा. बाहेरच्या खोक्याला लावू नका. फितीची फुलेही दबून जातात. फीत लावायचीच असेल, तर सपाट बांधा.

रंगीत कागदात बांधलेली भेट दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवा. मोठे खोके किती मोठे असावे? भेटीच्या सगळ्या बाजूंनी तीन बोटे जागा राहील एवढे. तीन बोटे म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर. खाली, वर आणि चारी बाजूंना. त्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे घट्ट भरा. बोळे कशासाठी? खोके पडले, की हिसका आधी बोळ्यांना बसतो. वस्तूपर्यंत तो पोचतच नाही.

पेंढा किंवा वाळले गवत भरू नका. त्यात ओल असते, किडे असतात. ते फराळात शिरतात.

आता खोके बंद करण्याआधी एक काम करा. एका कागदावर घेणाऱ्याचा पूर्ण पत्ता आणि आपला पूर्ण पत्ता लिहा. तो कागद पिशवीत घालून खोक्यात सर्वांत वर ठेवा. हे काम विसरू नका. बाहेरचा पत्ता निघून गेला, तर पार्सल कोणाचे ते कळत नाही. अशी पार्सले टपाल खात्याच्या एका खास कचेरीत जातात. ही कचेरी न वाटलेले टपाल परत करते. तिथल्या अधिकाऱ्यांना पार्सल उघडून आत पत्ता आहे का, ते पाहण्याचा अधिकार असतो. आत पत्ता सापडला, तर पार्सल मार्गी लागते. आक्काचे पार्सल सुनेच्या पत्रामुळे परत आले, ते असे.

हलवा आणि ऐका

खोक्याचे तोंड बंद करा. मधल्या फटीवर चिकटपट्टी लावा. दोन्ही बाजूंच्या कडांवरही लावा. तळालाही तसेच करा. सामानाचे वजन तळावर पडते, म्हणून तळाकडे विशेष लक्ष द्या.

आता खोके कानाजवळ धरून हलवा. आत काही खडखडते का? खडखडले, तर उघडा आणि आणखी बोळे भरा. मग मनाशी एक प्रश्न विचारा : हे खोके कमरेइतक्या उंचीवरून खाली पडले, तर आतली वस्तू वाचेल का? मन हो म्हणाले, तर बांधणी झाली. मन कचरले, तर पुन्हा बांधा. घरी घालवलेला अर्धा तास वाया जात नाही.

पूर्वी पार्सल मांजरपाटाच्या कापडात शिवत. दाट टाके घालत. शिवणीवर लाख वितळवून मोहोर उठवत. मोहोर मोडली, की वाटेत कोणी हात घातला हे लगेच कळे. आता बहुतेक ठिकाणी पुठ्ठ्याचे खोके आणि चिकटपट्टी चालते. तरी जड पार्सलाला कापडाचे वेष्टण चांगले. शिवण्याआधी टपाल कचेरीत विचारा. आत काय आहे, ते दाखवायला सांगितले, तर शिवण उसवावी लागेल.

खोके जुने असेल, तर त्याच्यावरचे जुने पत्ते आणि जुन्या चिठ्ठ्या काढून टाका. नाहीतर तुमचे पार्सल भलत्याच गावी जाईल.

पत्ता

पार्सलाचा पत्ता म्हणजे बैलाची वेसण. ती सुटली, की बैल कुठेही जाईल.

पत्ता साध्या पांढऱ्या कागदावर बॉलपेनने लिहा. अक्षर मोठे आणि सुटे असू द्या. मग तो कागद खोक्यावर चिकटवा. वरून आरपार दिसणारी चिकटपट्टी लावा, म्हणजे पावसाने अक्षर पुसणार नाही. पण पत्ता खोक्याच्या सांध्यावर लावू नका.

मध्यभागी घेणाऱ्याचा पत्ता लिहावा : पूर्ण नाव, घर किंवा आळी, गाव, टपाल कचेरी, तालुका, जिल्हा, राज्य आणि पिन. डाव्या कोपऱ्यात खाली आपला पत्ता लिहावा. दोन्ही पत्त्यांवर मोबाइलचा आकडा घाला. पार्सल महाराष्ट्राबाहेर जाणार असेल, तर पत्ता हिंदीत किंवा इंग्रजीतही लिहून घ्या.

पिन म्हणजे काय? तो सहा आकड्यांचा असतो. आपल्या देशात एकाच नावाची गावे पुष्कळ आहेत. महाराष्ट्रात वडगावे किती, बोरगावे किती, पिंपळगावे किती! त्यातून भाषा अनेक, अक्षरे अनेक. टपाल वेगळे करताना घोटाळा होई. म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन सुरू झाला. ही कल्पना ज्यांनी मांडली, ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले. ते केंद्र सरकारात अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते.

पिनचा पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा पिन ४ ने सुरू होतो. पुढचे दोन आकडे त्या विभागातला भाग सांगतात. शेवटचे तीन आकडे टपाल वाटणारी कचेरी सांगतात. मुंबईच्या मोठ्या टपाल कचेरीचा पिन ४००००१. पुण्याचा ४११००१. नागपूरचा ४४०००१. एक आकडा चुकला, की पार्सल दुसऱ्या गावी गेलेच म्हणून समजा. म्हणून पिन लिहिल्यावर बोट ठेवून एकेक आकडा वाचावा.

फौजेतल्या जवानाचा पत्ता वेगळा असतो. त्यात गावाचे नाव लिहीत नाहीत. जवानाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटणीचे नाव लिहितात. मग ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ असे लिहितात. त्याचा पिन ९ ने सुरू होतो. पलटण कुठे आहे, हे शत्रूला कळू नये म्हणून ही रीत आहे. हे टपाल आधी दिल्लीच्या किंवा कोलकात्याच्या फौजी टपाल कचेरीत जाते. कोणती पलटण कुठे आहे, हे तिथे ठाऊक असते. जवानाने जसा पत्ता दिला, तसाच उतरून काढा. आपल्या मनाने त्यात गावाचे नाव घालू नका.

टपाल कचेरीत

सणाची वाट पाहू नका. दिवाळीच्या निदान पंधरा-वीस दिवस आधी पार्सल टाका. फौजेतले किंवा परदेशातले असेल, तर त्याहून आधी.

कचेरीत पार्सलाचे वजन करतात. वजन आणि अंतर पाहून पैसे घेतात. म्हणून उगाच जड डबे भरू नका. आत काय आहे, ते विचारले तर खरे सांगा.

पूर्वी आपण "रजिस्टर करा" म्हणत असू. २०२५ साली देशातले रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात मिळवले आहे. तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवायचे की साध्या पार्सलाने, दोन्हींना किती पैसे आणि किती दिवस लागतात, हे विचारून ठरवा. वस्तू किमती असेल, तर विम्याचेही विचारा.

पैसे दिल्यावर पावती मिळते. ती वाचा. तिच्यावरचे नाव आणि पिन बरोबर आहे का, ते पाहा. चूक असेल, तर तिथल्या तिथे सांगा. लाजू नका. पावतीवर पार्सलाचा नंबरही असतो. तो तेरा खुणांचा असतो : आधी दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ आकडे, मग पुन्हा दोन अक्षरे. या नंबरावरून पार्सल कुठवर गेले, ते मोबाइलवर दिसते. मोबाइल चालवता येत नसेल, तर शाळकरी पोराला सांगा, किंवा पावती घेऊन कचेरीत जा. पार्सल पोचल्याचे कळेपर्यंत पावती जपून ठेवा. देवाच्या फोटोमागे ठेवा, पिठाच्या डब्याखाली ठेवा, पण सदऱ्याच्या खिशात ठेवू नका!

परदेशी पाठवायचे असेल, तर आणखी एक कागद भरावा लागतो. त्यात प्रत्येक वस्तूचे नाव, वजन आणि किंमत लिहायची असते. भेट आहे म्हणून जकात माफच होते, असे नाही. काही देश दुधाचे पदार्थ, बी-बियाणे, घरचे मसाले आत येऊ देत नाहीत. त्या देशातल्या आपल्या माणसाला आधी फोन करून विचारून घ्या.

पुन्हा पार्सल

त्या शिमग्यानंतर आक्का आमच्या साक्षरता वर्गात येऊ लागली. दिवसभर शेतात राबायची आणि रात्री पाटी घेऊन बसायची. पहिल्यांदा तिने स्वतःचे नाव लिहिले. मग मुलाचे. मग नातीचे. पुढे आकडे शिकली.

पुढच्या दिवाळीला तिने पुन्हा पार्सल केले. मी नुसता शेजारी बसलो होतो. लाडवांचा डबा तिने काठोकाठ भरला. लोणचे घेतले नाही. म्हणाली, "लोणचं तो रजेवर आला की खाईल." कानटोपी पिशवीत घातली. नात आता चालू लागली होती. तिच्या पावलाचा नवा ठसा घेतला. मी म्हणालो, "आक्का, चौकट करायची का?" ती म्हणाली, "काच कशाला गुरुजी? दोन पुठ्ठ्यांत घालते. चौकट तो तिकडं करील." तिने ठशाच्या खाली नातीचे नाव आणि तारीख लिहिली.

मग तिने खोके हलवून ऐकले. आतून आवाज आला नाही. पांढरा कागद घेतला. मुलाने पाठवलेला पत्ता पुढे ठेवून एकेक अक्षर उतरले. पिनचे सहा आकडे बोट ठेवून दोनदा वाचले. एका पत्त्याला तिला पाऊण तास लागला. अक्षर वाकडे होते. पण सगळे वाचता येत होते.

बाराव्या दिवशी मुलाचा फोन आला. पार्सल पोचले होते. लाडू अखंड होते. ठशाचा कागद त्याने खाटेजवळ लावला होता. बोलता बोलता त्याने विचारले, "आई, पत्ता कुणाकडून लिहून घेतलास? हे अक्षर मी कधी पाहिलं न्हाई."

आक्का म्हणाली, "माझं हाय रे."

मग बराच वेळ दोघेही बोलले नाहीत.

ध्यानात ठेवा

१. शोभेचा कागद आतल्या वस्तूला. बाहेर मजबूत खोके.
२. सुके आणि तेलकट कधी एकत्र भरू नये.
३. सगळ्या बाजूंनी तीन बोटे जागा, त्यात कागदाचे बोळे.
४. खोके हलवून पाहावे. आवाज आला, तर पुन्हा भरावे.
५. पत्ता बाहेर लिहावा, तसा आतही ठेवावा.
६. पिनचे सहा आकडे दोनदा वाचावे.
७. पेट घेणाऱ्या वस्तू आणि नोटा घालू नयेत.
८. पार्सल पोचेपर्यंत पावती जपावी.

आता हे करा

एका कोऱ्या कागदावर आपला पूर्ण पत्ता पिनसह लिहा. पिन ठाऊक नसेल, तर पोस्टमनला विचारा. मग दूर असलेल्या आपल्या एका माणसाचा पत्ता लिहा. दोन्ही पत्ते शेजाऱ्याला वाचायला द्या. त्याला न अडखळता वाचता आले, तर पोस्टमनलाही वाचता येतील.